ट्यून केलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का, हे कसं ओळखायचं

प्रश्न म्हापशाहून आलाय. गाडी १.२ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, स्टेज १ रिमॅप (म्हणजे ईसीयू या इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप बदललेला), सोबत हाय-फ्लो कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असलेला बाहेरून बनवून घेतलेला डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप. पावसाळा लागल्यापासून चेक इंजिनचा दिवा येतो, स्कॅनरवर पी ०१३३ आणि पी ०१७१ असे दोन कोड. आयडलिंगला आरपीएम खालीवर होतो, चोर्ला घाट चढताना मधेच पिकअप अडखळतो, ॲव्हरेज पडलंय. गॅरेजमध्ये पुढचा (कॅटच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला, कोड पुसला, आणि थोड्याच दिवसांत दिवा परत आला. आता पुन्हा सेन्सर बदलायला सांगताहेत. बदलावा का?

नका बदलू. निदान मी सांगतो त्या चार गोष्टी बघून होईपर्यंत तरी नको. नवा सेन्सर घालूनही तोच कोड परत येतो, तेव्हा दोष सेन्सरच्या आसपास आहे, सेन्सरमध्ये नाही, असं धरून तपासाला लागायचं. ट्यून केलेल्या गाडीत तर हे आणखी खरं आहे, कारण त्या सेन्सरच्या आजूबाजूचं सगळंच आपण बदललेलं असतं: पाइप, जोड, बसायची जागा, कधी वायरिंगसुद्धा.

आधी कोड काय म्हणतात ते नीट वाचा. पी ०१३३ म्हणजे पुढच्या सेन्सरचा प्रतिसाद मंद आहे. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दिसतंय म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवत गेला, आणि वाढवण्याची त्याची मर्यादा संपली. आता तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ कोणती, तर ॲव्हरेज पडलंय ही. इंजिन खरोखर लीन चालत असतं, म्हणजे पेट्रोल पंपाचं प्रेशर कमी किंवा इंजेक्टर तुंबलेले, तर ईसीयूने वाढवलेलं पेट्रोल ती तूट भरून काढतं आणि एकूण खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. पण लीनचा कोड आणि वर ॲव्हरेजही खाली, याचा अर्थ सिलिंडरमध्ये मिश्रण ठीक होतं, सेन्सरला मात्र कुठून तरी जास्तीचा ऑक्सिजन दिसला आणि ईसीयूने नको असलेलं पेट्रोल ओतलं. प्लग काढून बघा. टोकाला कोरडी काळी काजळी असेल, तर गाडी लीन सांगत रिच (पेट्रोल जास्त) चालतेय हे पक्कं.

हा जास्तीचा ऑक्सिजन दोन वाटांनी येतो. एक, सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती. दुसरी, मिसफायर. पेट्रोल जळलं नाही की त्याच्या वाट्याचा ऑक्सिजनही तसाच बाहेर पडतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, न जळालेलं पेट्रोल त्याला दिसत नाही, म्हणून मिस होणारी गाडी त्याला लीन वाटते.

गळती म्हटलं की लोकांना वाटतं, गॅस बाहेर जातो, आत काय येणार? एक्झॉस्टमध्ये दाब सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. आयडलला दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि बारीकशा फटीतून हवा आत ओढली जाते. ती हवा थेट सेन्सरच्या नाकासमोरून जाते. लोड आला की दाब वाढतो, फट बाहेरच फुंकते, आणि आकडे सुधारतात. म्हणून पहिलं काम सेन्सरला हात न लावता करायचं. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा, इंजिन पूर्ण गरम करा, आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) तीन ठिकाणी लिहून घ्या: आयडलला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, आणि पर्वरीच्या चढावर किंवा हायवेला चौथ्या गिअरमध्ये एकसारख्या लोडवर. दोन्ही ट्रिमची बेरीज करून बघायची. अधिक-उणे ८ ते १० टक्क्यांच्या आत असेल तर फिकीर नाही. आयडलला अधिक २० आणि लोडवर अधिक ३ अशी घसरण दिसली, तर ती गळतीची खूण. उलट आयडलला बरं आणि लोड वाढेल तसं ट्रिम वाढत गेलं, तर पंप, फिल्टर, इंजेक्टर यांच्याकडे वळा. सेन्सरचा संबंध नाही.

एक फरक इथे लक्षात ठेवा. गाडीत एअर फ्लो सेन्सर असेल तर इनटेकची गळतीसुद्धा आयडलला असंच लीन दाखवते. पण बऱ्याच छोट्या टर्बो गाड्या मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवतात. त्यांच्यात इनटेकमधून शिरलेली हवा दाबातच धरली जाते, त्यामुळे आयडल आरपीएम चढतो पण ट्रिम फारसं हलत नाही. तुमची गाडी कोणत्या जातीची ते आधी बघून घ्या, नाहीतर व्हॅक्यूमचे पाइप शोधण्यात अख्खा दिवस जाईल.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय टर्बोच्या तोंडाशी डाउनपाइप जिथे जोडला जातो त्या सांध्यावर आहे. डाउनपाइप बदलताना तोच जोड उघडतात, आणि जुनं गॅस्केट परत घालायचा मोह तिथेच होतो. सकाळी इंजिन थंडगार असताना सुरू करा आणि बॉनेटखाली कान द्या. बारीक टिक-टिक ऐकू येईल, टॅपेटसारखी, आणि इंजिन तापेल तशी विरत जाईल, कारण लोखंड फुगून फट मिटते. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन फ्लँजच्या (जोडाच्या चपट्या तोंडाच्या) कडेने बघा. गळतीच्या जागी काजळीचा पंख्यासारखा डाग असतो, जोडाकडे टोक आणि बाहेर पसरत गेलेला. पावसात तो कधीकधी धुऊन जातो, म्हणून डाग नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. खात्री करायची तर थंड इंजिनवर सायलेन्सरच्या शेपटात व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडा, तोंडाभोवती फडकं घट्ट गुंडाळा, आणि सगळ्या जोडांवर, वेल्डांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात. यासाठी स्मोक मशीन हवंच असं नाही.

आता पी ०१३३ कडे. गळती सापडली तरी हे वेगळं तपासा, कारण मंद प्रतिसादाचं कारण बहुतेक वेळा त्या डाउनपाइपच्या बंगमध्ये असतं. बंग म्हणजे सेन्सर ज्यात आवळतो ती वेल्ड केलेली आट्यांची बुशी. कंपनीच्या पाइपात ती आखूड असते आणि सेन्सरचं छिद्रांचं टोक थेट वाहत्या गॅसमध्ये येतं. बाहेर बनवलेल्या पाइपांत बंग उंच लावतात, टोक भिंतीच्या आत लपून राहतं. तिथे गॅस फिरत नाही, साचून राहतो. सेन्सर एकदम नवा असला तरी मिश्रणातला बदल त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो आणि ईसीयू त्याला आळशी ठरवतो. सेन्सर काढा, बंगमधून आत टॉर्च मारा, वर्निअरने बंगची उंची आणि सेन्सरची आट्यांच्या पुढची लांबी मोजा. टोक पाइपाच्या आतल्या भिंतीच्या पुढे यायलाच हवं. काही जण कॅटचा कोड येऊ नये म्हणून मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालतात. तो चुकून पुढच्या सेन्सरला लागलेला असला तरी नेमकं हेच होतं.

जागेचा दुसरा दोष अंतराचा. ईसीयूच्या गणितात एक्झॉस्ट वाल्व्हपासून सेन्सरपर्यंत गॅस पोचायला लागणारा वेळ धरलेला असतो. सेन्सर मूळ जागेपासून बराच खाली सरकवला की हे गणित चुकतं, आणि दुरुस्ती उशिरा लागू पडत असल्यामुळे आयडलला आरपीएम हिंदकळतो. ट्यूनर चांगला असेल तर मॅपमध्ये हा उशीर भरून देतो. नसेल, तर बंग मूळ अंतरावर नवा वेल्ड करून घेणं हाच सरळ मार्ग. करताना सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कललेला राहील असं बघा. पाइपात साचलेलं पाणी मग त्याच्यात उतरत नाही.

या पाण्याचं आपल्या गोव्यात विशेष महत्त्व आहे. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, आणि आपली धाव म्हणजे म्हापसा ते पणजी, फार तर कळंगुट. एवढ्या छोट्या फेरीत एक्झॉस्ट पुरतं तापत नाही, आत पाणी राहतं. सेन्सरच्या पोटात झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. वाइडबँडचं, म्हणजे मिश्रण किती लीन किंवा रिच आहे ते मोजणाऱ्या सेन्सरचं, काम ७५० ते ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास चालतं. त्या तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला की चीर जाते. म्हणून कंपनीचा ईसीयू पाइप कोरडा झाला असं वाटेपर्यंत हीटर पूर्ण ताकदीने लावत नाही. बाहेरून बसवलेल्या वाइडबँड मीटरना असं काही कळत नाही. बरेचसे चावी फिरवल्याबरोबर हीटर लाल करतात. असा मीटर असेल तर आधी इंजिन सुरू करा, मग मीटरला करंट द्या. आणि मीटर बंद ठेवून त्याचा सेन्सर तसाच पाइपात लावून फिरू नका. हीटरशिवाय थंड पडलेल्या सेन्सरवर काजळी बसून तो कायमचा जातो.

पावसाळ्यात दिवा लागला म्हणता, तर सेन्सरच्या वायरीचा कपलर (प्लगसारखा जोड) उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे कपलर मी उघडतो तेव्हा बाहेरून प्लॅस्टिक स्वच्छ असतं, लॉक टक्क करून बसतं, आणि आत हीटरच्या पिनेवर हिरवट-पांढरी भुकटी. खारी हवा आणि ओल, दोन्हीचं काम. हीटरच्या वायरीतून करंट जास्त जातो, त्यामुळे तिथे थोडासाही रेझिस्टन्स वाढला की हीटर अर्धवट तापतो, सेन्सर थंड राहतो, आणि थंड सेन्सर मंद असतो. पुन्हा पी ०१३३! पिन आणि तिची जोडीदार दोन्ही बघा, सैल झाली असेल तर बदला. कपलरमध्ये ग्रीस भरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारू नका. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी बाहेरची शुद्ध हवा लागते आणि ती वायरीच्या आतून जाते. तिथे रसायन शिरलं की सेन्सर बिघडतो. याच कारणाने वायर वाढवायची वेळ आली तर सोल्डर नको, नीट क्रिंप करा. वाइडबँडची तर कपलर तोडून दुसरी लावूच नका. त्यातल्या बऱ्याच सेन्सरांचा कॅलिब्रेशनचा रेझिस्टर कपलरच्या पोटात बसवलेला असतो, प्रत्येक सेन्सरचा वेगळा. जुन्याचा कपलर नव्या सेन्सरला जोडला, तर नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून चुकीचा आकडा देतो. मागच्या वेळी तुमचा सेन्सर बदलताना असं काही झालं का, ते गॅरेजवाल्याला विचाराच.

हीटर तपासायला मल्टिमीटर पुरतो. गाडी थंड, कपलर काढलेला, हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा: जुन्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये साधारण ५ ते १५, वाइडबँडमध्ये २ ते ४ च्या आसपास, नेमका आकडा आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रकावरून घ्या. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. मग गाडीकडच्या बाजूला इंजिन चालू असताना बॅटरीचा व्होल्ट येतो का बघा. नसेल तर आधी फ्यूज. सिग्नलच्या पिनांना मात्र ओहमवर मीटर कधीही लावायचा नाही. मीटरचा करंट सेलमधून गेला की चांगला सेन्सर हाताने मारल्यासारखं होतं.

एवढं झाल्यावर सेन्सरची परीक्षा घ्या, आणि ती साधी आहे: त्याला पक्कं लीन दाखवा, पक्कं रिच दाखवा, आणि तो किती लवकर मान डोलावतो ते बघा. पक्कं लीन मिळवायला चोर्ल्यासारखा घाट उत्तम. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. ईसीयू पेट्रोल बंद करतो, एक्झॉस्टमधून निव्वळ हवा वाहते. पुढच्या सेन्सरचा लॅम्डा (मिश्रणाचा आकडा: १ म्हणजे नेमकं, वर लीन, खाली रिच) एक-दोन सेकंदांत स्कॅनरच्या मापाच्या वरच्या टोकाला जायला हवा, मागच्याचा व्होल्ट शून्याजवळ. पक्कं रिच म्हणजे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर. टर्बो गाडीत लॅम्डा ०.८० ते ०.९० च्या दरम्यान यावा, मॅपमध्ये जे मागितलंय त्याच्या जवळ, आणि मागचा सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर. हे करताना स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या, लॉग रेकॉर्डिंगला लावा, आकडे घरी येऊन वाचा. घाटात स्क्रीनकडे बघत गाडी चालवायची नाही.

दोन्ही टोकांना सेन्सर झटक्यात जात असेल तर तो चांगला आहे, पुन्हा विकत घेऊ नका. लीनला जातो पण रिचला यायला रेंगाळतो, किंवा मधल्याच आकड्याला चिकटून राहतो, तर मग तो गेला म्हणायला आधार आहे. मागच्या सेन्सरचीही साक्ष काढा. गाडी एका वेगाने चालतेय, पुढचा १.०० दाखवतोय, ट्रिम अधिक २०, आणि मागचा मिनिटभर ०.८ च्या वरच, तर प्रत्यक्षात मिश्रण रिच आहे आणि पुढचा चुकीचं सांगतोय. मात्र गळती दोघांच्याही आधी असेल तर दोघेही फसतात, म्हणून गळतीची तपासणी मी आधी करायला सांगितली. आणखी एक: बऱ्याच रिमॅपमध्ये मागच्या सेन्सरचे कोड बंद केलेले असतात. कोड नाही म्हणून तो ठीक आहे असं धरू नका, त्याचा व्होल्ट स्वतः बघा.

घाटातलं अडखळणं मात्र मला या सगळ्याशी जुळत नाही. लोडवर गळतीचा परिणाम कमी व्हायला हवा, तुमचा त्रास लोडवरच आहे. इथे दुसरा आजार आहे, आणि तो स्पार्कचा असावा. बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवला की दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतो. कंपनीचा प्लग गॅप ठेवला, त्यात कॉइल जुनी, त्यात पावसाची ओल, की ठिणगी विझते. स्कॅनरवर सिलिंडरवार मिसफायर काउंटर बघा. प्लग नवे घाला, गॅप ट्यूनरने सांगितलेला ठेवा. अशा इंजिनांत तो साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागतो. कॉइल एकमेकांत बदलून मिसफायर तिच्यामागे जातो का ते बघा. हे आधी करा, कारण मिसफायर चालू ठेवून गाडी पळवली तर न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट वितळतो.

पेट्रोलचाही हिशेब ठेवा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १४.१, आणि आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्केवाल्याला सुमारे १३.५. तुमचा मॅप १० टक्क्यांच्या पेट्रोलवर बनवला असेल, तर आज लाँग टर्म ट्रिम अधिक ४-५ टक्के दिसणं स्वाभाविक आहे. तो बिघाड नाही. पण त्यावर थोडी गळती आली की मर्यादा लवकर ओलांडली जाते. म्हणून ट्यूनरकडून मॅप आजच्या पेट्रोलवर पुन्हा बसवून घ्या. आणि बोलताना हवा-पेट्रोलच्या गुणोत्तरात न बोलता लॅम्डामध्ये बोला. मीटर लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो, टाकीत कोणतं पेट्रोल आहे ते त्याला माहीत नसतं. लॅम्डा १ म्हणजे कुठल्याही पेट्रोलवर १.

ज्यांच्याकडे जुनी विनाटर्बो सेडान आहे, कॅम किंवा हेडर (इंजिनला लागून असलेले एक्झॉस्टचे पाइप) बदललेली, त्यांचा पुढचा सेन्सरही नॅरोबँड असतो. तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये उड्या मारतो, ०.४५ च्या आसपास ओलांडत. गरम इंजिनवर २५०० आरपीएमला या उड्या चपळ दिसल्या पाहिजेत. तो लॅम्डा १ च्या कुठल्या बाजूला आहोत एवढंच सांगतो, किती दूर ते सांगत नाही. ०.८५ व्होल्टवर मिश्रण किंचित रिच असू शकतं किंवा फार रिच. तापमानानेही तो आकडा हलतो. त्यावर रंगीत दिव्यांचा मीटर लावून फुल थ्रॉटलचं ट्यूनिंग करणाऱ्याला इंजिन देऊ नका. मोठ्या ओव्हरलॅपच्या (इनटेक आणि एक्झॉस्टचे वाल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणाऱ्या) कॅममुळे आयडलला ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते आणि सेन्सर लीन दाखवतो, तेही सेन्सरचा दोष नव्हे.

परीक्षेत नापास झाला तरच सेन्सर घ्या, आणि काढलेल्याचं टोक बघितल्याशिवाय नवा बसवू नका. काळी भुसभुशीत काजळी म्हणजे रिच मिश्रण. तपकिरी राख म्हणजे इंजिन ऑइल खातंय, टर्बोचे सील बघा. पांढरी, चुन्यासारखी पूड असेल तर सिलिकॉन सीलंट किंवा कूलंट आत जातंय. कारण शोधलं नाहीत तर नवाही तसाच मरेल. नवा घेताना पार्ट नंबर जुळवा, वायरी जोडून बसवायचा ‘युनिव्हर्सल’ नको, आणि ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळतोय तो बहुधा नकली. आट्यांना कारखान्यातून लावलेलं अँटीसीझ असतं, वर आणखी फासू नका, टोकाला तर मुळीच नाही. १८ मिलिमीटरच्या आट्यांना ४० ते ६० न्यूटन मीटर टॉर्क पुरे. वायर स्टिअरिंगच्या रॉडला किंवा पाइपाला टेकत नाही ना, हेही बघा.

डाउनपाइपचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कॅट काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पीयूसीला ते बसत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्येही असे फेरबदल चालत नाहीत, आणि गाडीमागे स्कूटरवर असणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो.

तुमच्या गाडीसाठी माझा क्रम असा: प्लग आणि कॉइल, मग टर्बोकडच्या फ्लँजचं नवं गॅस्केट, मग बंगची उंची, मग कपलर. त्यानंतर स्कॅनरवरून लाँग टर्म ट्रिमचं ॲडाप्टेशन शून्यावर आणा, कारण जुनी शिकवणूक डोक्यात ठेवून ईसीयू काही दिवस पेट्रोल ओततच राहील. एक-दोन टाक्या गाडी नेहमीसारखी चालवा, आणि त्याच तीन ठिकाणी ट्रिम पुन्हा लिहा. तरीही आयडलला १० च्या वर राहिलं तर घाट उतरतानाचा आणि चढतानाचा लॉग पाठवा. त्यात आरपीएम, लोड, दोन्ही ट्रिम, मागितलेला आणि मिळालेला लॅम्डा, मागच्या सेन्सरचा व्होल्ट आणि मिसफायर काउंटर एवढे रकाने हवेत. मॅप कोणत्या साली बनवला तेही कळवा.